गाडीतून खाली उतरा



पत्रिकेत माझा विषय ‘कच्छचा किनारा आणि वन्यजीव’ असा छापलाय. पण जळगावच्या मू. जे. महाविद्यालयाच्या आवारात पाय ठेवला आणि आधी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आठवली. फॉर्मॅलिनचा वास, बरण्यांतले पांढरे पडलेले तारामासे. पुढच्या रांगेत बसलेले आमचे सर तेव्हा म्हणायचे, खरा रंग बघायचा तर समुद्रावर जा. सर, आम्ही गेलो. धुळे, साक्री, नवापूर करत सुरतेला. आपली तापीही तिथेच समुद्राला मिळते. तिथून पुढे कच्छ.

रण कसं भरतं, हे सविस्तर सांगायचं होतं. थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात वारा समुद्राचं पाणी आत लोटतो, त्यात नद्या उतरतात आणि लहान रणाचं तळं होतं. मधल्या उंचवट्यांना तिकडे बेट म्हणतात. तिथल्या गवतावर घुडखर, म्हणजे रानगाढवं, तगतात. १९६०च्या दशकात रोगाच्या साथीने ती काही शेकड्यांवर आली होती. २०२४च्या गणनेत ७,६७२ भरली. हा आकडा तुम्हाला मोबाइलवरही मिळेल. पण वाटाड्याला विचारून गाडी बंद करा, खाली उतरा. घुडखर कान टवकारून उभं राहतं आणि आयाळीपासून शेपटीपर्यंतचा गडद पट्टा स्पष्ट दिसतो. धावत्या गाडीतून नुसती धूळ दिसते.

म्हणून पोरांनो, उतरा. कच्छच्या किनाऱ्यावर मांडवीला लोक थेट बीच गाठतात, उंटावर फोटो काढतात आणि परततात. तुम्ही रुक्मावती नदीच्या काठी थांबा. तिथे लाकडी गलबतं बांधतात. सुतार दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून ठोकून बसवत असतो. कापूस! ज्याच्या भावावरून आपल्या घराघरांत वर्षभर बोलणी चालतात, तो तिथे समुद्राचं पाणी अडवून धरतो. त्या सुताराशी बोला. त्याच्याकडचा चहा घ्या. रात्री झोपण्याआधी वहीत लिहा. उतरल्याशिवाय काही कळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

समोर बसलेल्या आई-वडिलांना हात जोडून विनंती आहे. प्रॅक्टिकलला पहिली येणारी मुलगी सहलीच्या यादीत मात्र नसते. हे मला अजिबात पटत नाही. मुलाला जसं बिनघोर पाठवता, तसं तिलाही पाठवा. तिच्या मैत्रिणी असतील, मॅडम असतील.

आणि प्राचार्य महोदय, जामनगरजवळ नरारा आहे, १९८२ सालच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ठिकाण. ओहोटीला तिथे उथळ पाण्यातून चालत प्रवाळ बघता येतात. दगडाखालचा ऑक्टोपस डोळ्यांदेखत रंग बदलतो. वन खात्याची परवानगी लागते आणि ओहोटीची वेळ बघूनच निघावं लागतं. या हिवाळ्यात एक बस काढा. डिझेलचा खर्च माझ्याकडे लागला. फक्त यादी करताना मुलींची नावं आधी लिहा.