उद्यापासून तासभर जास्त

लातुरात काय, नांदेडात काय, मालकीणबाईंच्या कामाची पाळी बदलते आणि लेकरू सांभाळणाऱ्या मावशींना दारातच निरोप मिळतो, "उद्यापासून तासभर जास्त थांबा हं." पगाराचे नाव नाही! महिना ६,००० रुपये चार तासांचे ठरले असतील, तर पाचव्या तासाचे १,५०० होतात. ते त्याच वेळी बोलावे. मावशींचीही लेकरे शाळेतून घरी येतात. म्हणून आठवडाभर आधी विचारावे, सांगू नये.

सुट्टीचेही तसेच. वेळ अमावास्येला तुम्ही शेतावर जाता, त्यांनाही आपल्या गावी जायचे असते. आणि दिवाळीत तुम्हीच पंधरा दिवस घराला कुलूप लावलेत, तर तो खाडा त्यांचा कसा?

पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तो पगार आणि सुट्ट्यांसाठीच. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे. पण तुमच्या घरातली वेळ आणि पगार तो ठरवून देत नाही. ते दोघींनी बसून ठरवा, वहीत तारखेनिशी लिहा. मावशींना वाचता येत नसेल, तर त्यांच्या लेकीकडून वाचून घेऊ द्या.