शिशाचा किनारा

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, स्ट्रॅटफर्डच्या समुद्रकाठी, रेमिंग्टन कंपनीचा नेमबाजी क्लब होता. हवेत उडवलेल्या चकत्या फोडायच्या. बंदुकीतले शिशाचे छर्रे मात्र काठावर नाहीतर पाण्यात पडायचे. जवळजवळ 70 वर्षांत तिथे शिसं साचलं सुमारे 2,400 टन! बदकं खडे समजून छर्रे गिळतात. पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात भिनतं. प्रकरण कोर्टात गेलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेले छर्रे हा कचराच, असं 1993 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं. सांगायला न्यायालय लागलं, हे नवलच!

असं मैदान साफ कसं करतात? आधी माती चाळायची, धान्य चाळावं तशी. शिसं जड, त्यामुळे पाण्यात धुतली की माती वाहते, छर्रे तळाशी बसतात. ते वितळवून पुन्हा वापरता येतात. खरी डोकेदुखी बारीक कणांची. ते चाळणीला दाद देत नाहीत. आम्लधर्मी मातीत शिसं लवकर विरघळतं, म्हणून चुना मिसळतात. फॉस्फेट घातलं, तर सहसा न विरघळणारं संयुग तयार होतं. आणि हो, कामगारांनी कपडे तिथेच बदलायचे. कपड्यांवरची धूळ घरी गेली, तर लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त भिनतं.