‘जवळजवळ शून्य’ म्हणजे शून्य नव्हे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल.’ मी माझ्या एका चुकीबद्दल बोलते.

नोकरीच्या सुरुवातीला मी ग्राहकांच्या पत्रांचे ‘साधारण’ आणि ‘तातडीचं’ असे दोन गठ्ठे लावणारा प्रोग्रॅम लिहिला. पत्रातला प्रत्येक शब्द त्या त्या गठ्ठ्यात येण्याची शक्यता घ्यायची, सगळ्यांचा गुणाकार करायचा; ज्याचा गुणाकार मोठा, तिकडे पत्र टाकायचं. छोट्या पत्रांवर तपासलं, छान चाललं. वरिष्ठांना मी छातीठोकपणे सांगितलं, ‘गणित बरोबर आहे.’ काही आठवड्यांनी कळलं, की लांबलचक पत्रं सगळी ‘साधारण’मध्ये पडून आहेत. ज्याला सर्वांत जास्त सांगायचं होतं, त्याचंच कोणी ऐकत नव्हतं!

गणित बरोबरच होतं, पण कॉम्प्युटरच्या वहीत जागा संपली होती. ६४ बिटांच्या नेहमीच्या दशांश संख्येत दशांशचिन्हानंतर सुमारे ३२३ शून्यांपर्यंतच आकडा टिकतो. एका शब्दाची शक्यता हजारात एक धरली, तर १२० शब्दांत ती १० चा उणे ३६० वा घात होते. कॉम्प्युटर निमूटपणे शून्य लिहितो. दोन्ही गठ्ठ्यांना शून्य, म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी झाली की माझा प्रोग्रॅम पहिला गठ्ठा निवडायचा.

उपाय आपल्या बाईंनी केव्हाच शिकवला होता. लॉगचा तक्ता आठवतोय ना? गुणाकाराऐवजी लॉगची बेरीज! नेपियरने १६१४ साली लॉग प्रसिद्ध केले ते आकडेमोडीचे कष्ट वाचवायला; मला ते शून्यापासून वाचायला उपयोगी पडले. हजारात एकचा लॉग उणे ३. तो १२० वेळा मिळवला की उणे ३६०. साधा, सुटसुटीत आकडा. दुसऱ्या गठ्ठ्याचा उणे ३५५ आला, तर तो मोठा. निकाल लागला.

उलट्या टोकालाही अशीच फसगत होते. १ मधून १० चा उणे २० वा घात वजा करा, कॉम्प्युटर पुन्हा १ च सांगतो. कारण त्याच्याकडे जेमतेम सोळा अंकांची अचूकता असते. म्हणजे ‘क्वचित बिघडेल’चं ‘कधीच बिघडणार नाही’ होतं. म्हणून यशाची शक्यता १ च्या अगदी जवळ असेल, तर अपयशाची शक्यता साठवावी. ‘१ अधिक लहान संख्या’ याचा लॉग हवा असेल, तर ती बेरीज न करता थेट लॉग देणारं ‘लॉग१पी’ नावाचं तयार फंक्शन वापरावं.

उत्तर जवळजवळ शून्य आलं म्हणून मी सरळ शून्य लिहायची, तेव्हा बाई लाल शाईने गोल करून अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा राग यायचा. तो अर्धा मार्क किती मोलाचा होता, हे कळायला मला त्या न वाचलेल्या पत्रांपर्यंत यावं लागलं. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. उशिरा का होईना, दुरुस्ती करून वही दाखवायला आणली आहे.