धबधब्यापर्यंत न पोहोचलेली सहल

मी इंदूरची. आमच्याकडे पावसाळ्यातला रविवार म्हणजे सकाळी पोहे-जिलबी आणि मग गाडी काढून पातालपानी. महूजवळचं हे ठिकाण घरापासून तासा-सव्वा तासावर आहे. माळव्याचं पठार संपून निमाडचा उतार सुरू होतो, त्या कडेवरून चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. दगड सह्याद्रीत असतो तोच, काळा बेसॉल्ट.

बरेच लोक वरूनच धबधबा बघतात आणि गरम भुट्टा खाऊन परततात. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे खाली कुंडापर्यंत जायला निघालो. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. तासभर निसरड्या वाटेने उतरलो. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता, फक्त एक प्रवाह ओलांडायचा राहिला होता. पाणी घोट्याएवढं आणि डोक्यावर लख्ख ऊन.

तिथे बकऱ्या चारणारे एक बाबा बसले होते. म्हणाले, "ऊपर बरस गया है, बेटा. लौट जाओ."

भाचा म्हणाला, "आत्या, इथे तर एक थेंब नाही!"

अगदी हाच धोका आहे. खडकावर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे पाणी फारसं मुरत नाही. दूर वर कुठेतरी जोराची सर येते, सगळे ओढे एका पात्रात जमतात आणि आपण उन्हात उभे असताना लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये याच पातालपानीला एका कुटुंबातली माणसं प्रवाहात अडकून वाहून गेली. ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं. आम्हा इंदूरकरांना ते विसरता येत नाही.

आम्ही परत फिरलो. भाचा गाडीत बसेपर्यंत बोलला नाही. आणि खरं सांगते, त्या दिवशी काहीही झालं नाही. पूर आला नाही, बातमी आली नाही. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, उगाच घाबरलो आपण."

मला वाटतं, परत फिरणं अवघड असतं ते यासाठीच. निर्णय बरोबर होता याचा पुरावा मिळत नाही. चुकीच्या निर्णयाचा मात्र मिळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून काही गोष्टी घरूनच ठरवून निघा. किती वाजता परत फिरायचं, ते आधी ठरवा. पाण्याजवळ पोहोचलात की काठावरच्या एका दगडावर नजर ठेवा. तो बुडू लागला, पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर वाढली, तर चप्पल-पिशवी सोडा आणि सरळ काठावर उंच चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर फोटोसाठी जाऊ नका. आणि गावातला माणूस 'नको' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

यंदा भाचा मित्रांबरोबर गेला होता. रात्री त्याचा फोन आला, "आत्या, आम्ही अर्ध्यातूनच परत आलो. पाणी गढूळ होतं."

मी विचारलं, "मग काय झालं?"

"काही नाही. भुट्टे खाल्ले."

तुमचीही सहल अशीच होवो.