आधी रंग, मग झळाळी

श्रोतेहो, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांची झळाळी लाखेच्या पॉलिशची. आमच्या तळवलीत कुणी मुलगा विजेच्या गिटारीचे लाकूड घरी रंगवू म्हणेल, तर त्यालाही तीच लाख उपयोगी पडेल.

लाकूड रेषांच्या दिशेने घासावे. आडवे ओरखडे जास्त रंग पितात. सरस सांडला असेल तिथे रंग चढत नाही. रंग पाण्यात विरघळणारा घ्यावा, म्हणजे पॉलिशच्या स्पिरिटने तो ओघळत नाही. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून पाहावा, कारण मुरलेला रंग सहसा निघत नाही. तो वाळला की स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात द्यावेत. स्पिरिट चटकन पेटते, तेव्हा चूल दूरच बरी.

शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर दाखवावे. रंगाने लाकडाच्या रेषा झाकू नयेत, उजळाव्यात.