भाईंदरहून लिस्बनकडे



दक्षिण युरोपच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा. रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, अथेन्स ही नावं त्यात ठरलेली. लिस्बन असलंच तर शेवटच्या पानावर, आणि तेही जादा पैसे भरून. मीरा-भाईंदरच्या पर्यटकाने मात्र हे पत्रक शेवटच्या पानापासून वाचावं. कारण इथल्या खाडीकाठावर दोनशे वर्षं जो अंमल होता, त्याचा धनी लिस्बनला बसत असे.

23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतचं बेट. पुढे घोडबंदरचा किल्ला उभा राहिला, उत्तन-डोंगरी-भाईंदरमध्ये चर्चेस आली. खाडीच्या मुखाशी धारावीचा किल्ला वसईवर नजर ठेवून होता. 1737 साली मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांना ठाऊक असते. तिचं दुसरं टोक लिस्बनमध्ये आहे.

लिस्बनच्या तेजो नदीकाठी एक ऐसपैस चौक आहे, प्रासा दू कोमेर्सिओ. पूर्वी तिथे राजवाडा होता आणि पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरी होती. मिरी, दालचिनी, कापड यांचा हिशेब तिथे लागे. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी सर्व संतांच्या सणाला चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत शिरला, मग शहरभर आग पसरली. राजवाडा, कचेरी आणि तिथली कागदपत्रं सारी गेली. वसई हातची जाऊन तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. आज त्या चौकामागे दिसणारे सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती ही मार्केझ द पोंबाल या मंत्र्याने भूकंपानंतर वसवलेली पेठ आहे. जुनी वस्ती पाहायची तर शेजारच्या अल्फामा भागात चढावं. तिथल्या अरुंद बोळांतून पिवळी 28 नंबरची ट्राम भिंतींना घासेल की काय अशी जाते.

भूकंपातून वाचलेला आणखी एक भाग म्हणजे बेलेम. वास्को द गामा 1497 च्या जुलैत इथूनच निघाला. त्याची कबर इथल्या जेरोनिमुश मठात आहे. हा मठ सोमवारी बंद असतो, हे बेत आखतानाच लक्षात ठेवावं.

जवळच नदीत उभ्या असलेल्या बेलेमच्या बुरुजावर, एका टेहळणी-कोठीच्या तळाशी, दगडी गेंड्याचं झिजलेलं तोंड आहे. त्याची कथा आपल्याच बाजूची. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह, म्हणजे वसई देऊन टाकणाऱ्या बहादूरशाहाचा बाप, याने पोर्तुगीजांना एक जिवंत गेंडा नजर केला. गोव्याहून जहाजाने तो मे 1515 मध्ये लिस्बनला पोहोचला. गेंडा पाहायला तिथे झुंबड उडाली. न्यूरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्त ड्युररने एका पत्रातलं वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याचं चित्र काढलं, आणि पुढली अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तेच चित्र. राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि गेंडाही गेला.

मराठी वाचकाचा आणखी एक धागा या बंदराशी जुळतो. 'क्रिस्तपुराण' लिहिणारा इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहूनच निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला लागला. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास आज वाटेत एक विमान बदलून एका दिवसात होतो.

लिस्बनहून उत्तरेला सुमारे 120 किलोमीटरवर नाझरे आहे. बस सुटतात. उत्तनच्या माणसाला हे गाव परकं वाटणारच नाही. भाईंदर पश्चिमेचं चर्च ज्या नाझरेथच्या मातेच्या नावाचं, तिचं मोठं देवस्थान इथे कड्यावर आहे. उत्तनला बोंबील वलांडीवर सुकतात, तर इथे कोळिणी मासे चिरून, खारवून, जाळीच्या चौकटींवर वाळूत वाळत घालतात. एकावर एक सात परकर नेसायची त्यांची जुनी रीत अजून सणावारी दिसते. हिवाळ्यात मात्र गावाचं रूप वेगळं. समुद्राखालच्या खोल दरीमुळे इथे अजस्र लाटा उठतात. ऑक्टोबर 2020 मध्ये एका जर्मन लाटस्वाराने इथेच 26.21 मीटरची लाट सर केली, म्हणजे जवळपास आठ मजली इमारत!

आता दक्षिण युरोपातली बाकीची काही शहरं. सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्ये कोलंबसची कबर आहे आणि जुन्या मशिदीच्या मनोऱ्याचंच तिथे घंटाघर झालं आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया हे चर्च 1882 पासून बांधलं जातंय. त्याचा वास्तुकार गाउदी 1926 साली ट्रामखाली सापडून गेला. तिकीट घरूनच काढावं, दारात मिळेल या भरवशावर राहू नये. अथेन्सचा अक्रोपोलिस उष्णतेच्या लाटेत भर दुपारी बंद ठेवतात. व्हेनिसने 2024 पासून ठरावीक दिवशी, रात्री मुक्काम न करणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावलं आहे.

रोमचं नातं पुन्हा आपल्या खाडीपलीकडे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. 8 जून 1862 रोजी रोममध्ये पोप पायस नववे यांनी त्याला संतपद दिलं.

थोडं व्यवहाराचं. पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. 2024 च्या जूनपासून प्रौढांची फी 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीची गर्दी पाहता तो लवकर टाकलेला बरा. भाईंदरच्या जैन आणि शाकाहारी कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावं. बेलेममध्ये 1837 पासून विकली जाणारी ती प्रसिद्ध गोड टार्ट अंड्याच्या पिवळ्या बलकाची असते. आणि 'काल्दू व्हेर्द' या पालेभाजीच्या सुपात बहुधा डुकराच्या सॉसेजचा तुकडा असतो. मागवण्याआधी विचारावं.

दहा दिवसांत पाच शहरं उरकली, तर निम्मा वेळ विमानतळावर आणि बसमध्ये जातो. त्यापेक्षा लिस्बन, नाझरे आणि रोम एवढंच ठरवावं आणि निवांत पाहावं. निघण्याआधी एक रविवार मात्र राखून ठेवा. सकाळी घोडबंदर आणि धारावीचा किल्ला करा, मग भाईंदर-वसई रो-रो बोटीने खाडी ओलांडून वसईच्या किल्ल्यात उतरा. ही बोट 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आहे. तिला व्हिसा लागत नाही.