शेजारच्या ताऱ्याचा उमेदवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर वाळवणापासून मृत्युपत्रापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. आज मी एका ग्रहाविषयी बोलणार आहे, आणि तो ग्रह आहे की नाही हेच अजून ठरलेले नाही! कार्यक्रमपत्रिका पाहून कुलकर्णीवहिनी म्हणाल्याच, "अहो बाई, निदान असलेल्या ग्रहावर तरी बोला." पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. माझ्याकडून एक चूक झाली होती, ती चार जणींसमोर सांगून टाकावी म्हणून घेतला आहे.

२०१२ साली मी आठवीला विज्ञान शिकवीत होते. ऑक्टोबरात बातमी आली की, सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्यांपैकी एकाभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडला. मी आनंदाने फळ्यावर आकृती काढली, मुलींकडून वहीत उतरवून घेतली आणि 'सापडला' या शब्दाखाली रेघही मारायला लावली. २०१५ च्या ऑक्टोबरात कळले की तो ग्रह बहुधा नाहीच. तोपर्यंत माझ्या मुली दहावी होऊन शाळेबाहेर पडल्या होत्या. आता कोणाला बोलावून रेघ खोडायला सांगू?

तारा कोणता ते आधी सांगते. नरतुरंग नावाच्या तारकासमूहातला 'मित्र', इंग्रजीत अल्फा सेंटॉरी. डोळ्यांना एक दिसतो, पण तो वास्तविक जोडतारा आहे. ही जोडी प्रथम दिसली ती कोठून म्हणाल? आपल्या पाँडिचेरीहून! १६८९ च्या डिसेंबरात फादर रिशो नावाचे एक फ्रेंच जेझुइट पाद्री तेथून धूमकेतू पाहत होते, तेव्हा त्यांच्या दुर्बिणीत हे दोन तारे वेगळे दिसले. आपण मोठ्याला थोरला म्हणू आणि दुसऱ्याला धाकटा. दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी घालतात. प्रॉक्सिमा नावाचा एक मंद, तांबडा तिसरा भाऊही आहे, पण तो फार लांब वेगळा राहतो. आपल्यापासून थोरल्या-धाकट्याचे अंतर ४.३७ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटर. याला शेजार म्हणायचे! पण आकाशाच्या हिशेबात हे घर भिंतीला भिंत लागूनच.

मी फळ्यावर काढलेला ग्रह धाकट्याचा होता. तो कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ग्रह फिरतो तेव्हा तारासुद्धा किंचित मागेपुढे डोलतो, ते डोलणे जिनिव्हाच्या मंडळींनी मोजले होते. किती, तर सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. आपण भाजी आणायला निघतो तो वेगही याहून अधिक असतो. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काय केले, तर ग्रह नसलेला एक ताराच गणिताने तयार केला आणि जिनिव्हाकरांनी ज्या ज्या रात्री निरीक्षण केले होते नेमक्या त्याच रात्री तो 'पाहिला'. त्यातही तोच सव्वातीन दिवसांचा ग्रह उमटला! म्हणजे तो ग्रह आकाशात नव्हता, निरीक्षणाच्या रात्रींमधल्या खाडाखोडीतून निपजला होता. मूळ शोधकर्त्यांच्या प्रमुखानेही, बहुधा ग्रह नसावा, असे म्हटले. मला त्या माणसाचे कौतुक वाटते. मी मात्र गप्प बसले होते.

आता नवी गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत पुन्हा मित्र तारा आला. या खेपेला थोरला. त्याच दिवशी माझ्या त्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला, "बाई, तुम्ही आम्हांला २०१२ लाच सांगितले होते ना!" माझा जीव कसानुसा झाला. तेरा वर्षे ती माझी रेघ सांभाळून होती.

झाले होते ते असे. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने ऑगस्ट २०२४ मध्ये थोरल्याचे चित्र घेतले. दिव्याकडे पाहताना आपण ज्योतीसमोर हात धरतो, तशी दुर्बिणीत ताऱ्यासमोर एक झाकणी धरतात. तरीही कडेने तेज सांडतेच, शिवाय धाकट्याचेही येते. म्हणून दुसऱ्या एका ताऱ्याचे चित्र त्याच रीतीने घ्यायचे आणि त्याची प्रभा यातून वजा करायची. तेलवाला आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो ना, तसेच. एवढे वजा जाऊन एक ठिपका उरला. थोरल्याच्या दहा हजारांश हिश्श्याहूनही फिका, आणि पृथ्वी सूर्यापासून आहे त्याच्या सुमारे दुप्पट अंतरावर.

तो दूरची दीर्घिका असेल का? नसावा, कारण मित्र तारा आकाशात भराभर सरकतो. मागची दीर्घिका जागेवर राहिली असती आणि पुढे सापडली असती. वाटेतला लघुग्रह? तोही नाही, कारण पाहत असता तो ताऱ्याच्या मानाने हलला नाही. मग ग्रह असेल तर शनीएवढ्या वस्तुमानाचा, वायूचा गोळा. पाय ठेवायला जमीन नाही.

पण फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिले, तर ठिपका गायब!

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत अनिकेत संघी हा विद्यार्थी या कामात आघाडीवर होता. त्याने व सहकाऱ्यांनी लाखो संभाव्य कक्षा गणकयंत्रावर फिरवून पाहिल्या. त्यांतल्या निम्म्यांत ग्रह त्या दोन्ही वेळी ताऱ्याच्या इतका जवळ गेलेला असता की दिसलाच नसता. निम्म्यांत, बरे का! म्हणून त्यांनी 'सापडला' असे म्हटले नाही. 'उमेदवार' म्हटले. आपल्या भाषेत, स्थळ सांगून आले आहे, पत्रिका पाहणे चालू आहे. २०१९ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीलाही थोरल्याजवळ असाच एक ठिपका दिसला होता. दोन्ही एकच असू शकतील. असू शकतील, एवढेच.

याच ताऱ्यापायी सावधपणाची किंमत मोजलेला एक गृहस्थ मला फार आवडतो. थॉमस हेंडरसन. १८३२-३३ मध्ये केप ऑफ गुड होपहून त्याने मित्राची मोजमापे घेतली. अंतर त्यातून निघत होते, पण स्वतःच्या यंत्रावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून आकडे पेटीतच राहिले. १८३८ मध्ये जर्मनीच्या बेसेलने दुसऱ्या एका ताऱ्याचे अंतर प्रसिद्ध केले आणि पहिलेपणाचा मान त्याला मिळाला. हेंडरसनने आपले आकडे १८३९ मध्ये छापले. हा मनुष्य जरा जास्तच थांबला असे माझे मत आहे. पण आठवीच्या वह्यांत रेघा मारून घेणाऱ्या बाईने ते सांगावे हे काही शोभत नाही.

त्या मुलीला मी सगळे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझी वही चुकीची?" मी म्हटले, "हो. चूक तुझी नाही, माझी." मग विचारते, "आणि हा नवाही निघाला नाही तर?" मी म्हटले, "तर तुला मीच फोन करीन."

आता ज्यांना तारा पाहायचा असेल त्यांच्यासाठी. पुण्याहून मित्र दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की तेवढी उंची. मे अखेरीस रात्री दहा-साडेदहाला पाहावे. त्याच्या उजवीकडे मित्रक, आणि आणखी उजवीकडे त्रिशंकू. ग्रह दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते! आमच्या गच्चीवरून दक्षिण मोकळी आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. ढग नसले पाहिजेत. येताना चटई तेवढी आणावी.